सातवा फेडर

माझ्या मिक्सरवर सातव्या फेडरला गर्दी असते.
रेकॉर्ड केलेली. कुठल्याशा परदेशी मैदानावरची
चाळीस हजार माणसं, एका लॅपटॉपात मावणारी.
चेंडू उंच गेला की बोटाने त्यांना वर ढकलायचं,
झेल गेला की खाली ओढायचं.
दुबईत हा खेळ फारसा कुणाला कळत नाही,
पण टीव्हीवर सुनं सुनं ऐकू येऊन चालत नाही.

त्या रविवारी मात्र खुर्च्या खरोखर भरल्या.
सोनापूरच्या कँपातून अकरा बस आल्या,
दर माणशी बिर्याणीचं पाकीट, निळी टोपी
आणि सूचना : हिरवा दिवा लागला की टाळ्या.
आमच्या मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवटा.
इथल्या सोनापुरात माणसं झोपतात
आणि पहाटे चारला उठतात.

सातव्या डावात उभं राहून सगळ्यांनी गायचं,
पाहुण्याने गाऊन घ्यायचं, अशी रीत आहे म्हणे त्या खेळात.
हिरो येणार होता. त्याचं विमान आलं नाही, किंवा पैसे.
मग मंडळाच्या गणपतीला आलेल्या
यशोधरा तेरेदेसाईंना उचलून आणलं.
सहा वर्षं रोज रात्री आठला
सुनेच्या खिरीत मीठ टाकणाऱ्या माईसाहेब.

"मराठी का रे तू? कुठला?"
"गुहागर."
"चहा मिळेल? बिनसाखरेचा. आणि खेळ कुठला आहे हा?"
सांगितलं.
त्यांनी काचेतून खाली पाहिलं बराच वेळ.
"विटीदांडूच की. विटी तेवढी गोल केलीय."

गाण्याचे शब्द पडद्यावर येणार होते.
पडदा काळा.
बाई मैदानाच्या मधोमध, जरीचा पदर घामाने चिकटलेला,
हातात माझा माइक.
कानात डायरेक्टर ओरडतोय, क्राउड दे, क्राउड!
माझं बोट सातव्यावर.

पण बार्शीला दुसऱ्या अंकात वीज गेल्यावर
गॅसबत्तीत नाटक पुरं केलेली बाई ती.
तिने टोप्यांखालचे चेहरे पाहिले
आणि खाष्ट सासूच्या आवाजात, मोडक्या हिंदीत विचारलं :
जड उचलताना काय म्हणता रे तुम्ही?

शांतता.
मग वरच्या कोपऱ्यातून एक जण,
वर्गात चुकीचं उत्तर द्यावं तसा : हैशा?
"जेवला नाहीस का? पुन्हा!"
हैशा.
डावीकडून हेंइयो,
मागून मल्याळी ऐलेसा,
होस्ते म्हणाला एक नेपाळी, आणि त्याची अख्खी रांग : हैंसे!
बाई नसलेला दोर ओढू लागल्या, पाय रोवून.
अकरा बस माणसं,
हातात काही नसताना, उचलत होती.
पिचर चेंडू घेऊन उभाच राहिला.

मी सातवा फेडर शून्यावर आणला.
बाकी सगळे काटे लालमध्ये.
राहू दिले.

माइक परत आला तेव्हा गरम होता.
"आवाज फाटला का रे?"
"फाटला."
"बरं झालं," म्हणाल्या, आणि निवलेला चहा प्यायल्या.
सामना कोण जिंकलं ते आठवत नाही.
शेवटच्या डावाआधीच बस निघून गेल्या. चारचा गजर.

पुढच्या आठवड्यात ऑफिसचा मेल : ती क्लिप साफ करून दे.
केली. बाईंचा आवाज काढला,
एक खोकला काढला, एक शिवी.
आता खुर्च्या पुन्हा रिकाम्या
आणि सातव्यावर ते आहेत.
चेंडू उंच गेला की बोटाने वर ढकलतो त्यांना,
ते कँपात झोपलेले असताना.

दोन मिनिटं चौदा सेकंदांवर सगळे थांबतात,
आणि एक जण थांबत नाही.
एकटाच म्हणत राहतो, हैशा, हैशा.
तो कापायचा राहिलाय.
डायरेक्टर विचारतो, हे मागे काय वाजतंय?
मी म्हणतो, एको आहे, सर.