जोडीतले तंबोरे

साकिब काल लॅपटॉप घेऊन दुकानात आला,
पाटावरच्या भुशावर फुंकर मारून बसला.
दोन नोकऱ्या चालून आल्यात, मामू,
एक ॲरिझोनात, एक फ्लोरिडात.
सोमवारपर्यंत सांगायचंय.

पडद्यावर तक्ता होता. घरभाडं, शाळा, चोऱ्यामाऱ्या,
दवाखान्याचा हप्ता, वर्षातून किती दिवस ऊन.
फ्लोरिडात पगारावर राज्याचा कर नाही, म्हणाला,
पण वादळं येतात, आणि घराचा विमा छातीवर बसतो.
ॲरिझोनात वादळाची भीती नाही,
पण जूनमध्ये दाराची कडी चटका देते.
बेरीज केली तर दोन्हीकडे एकाहत्तर.

मी तबली तासत होतो.
मिरज सोडून मी फार तर धारवाडला गेलोय.
पण त्या दोन राज्यांचं मला थोडं कळतं, म्हटलं,
आपली जोडी आहे तिकडं.

एकाच तुणीच्या ओंडक्यातले दोन तंबोरे.
ज्यांच्यासाठी केले ते गवई बयाणा देऊन वारले.
मुलगा म्हणाला, बयाणा ठेवा, तंबोरे नकोत.
चार वर्षं भिंतीला शेजारी शेजारी.
एक छेडला की दुसरा
कुणी हात न लावता गुणगुणायचा.
मग आवटीबाई एक घेऊन गेल्या फिनिक्सला,
कुपवाड्यांची प्रमोदिनी दुसरा, टॅम्पाला.
जोडी कुणालाच नको होती. विमानात एकाचंच भाडं परवडतं.

आवटीबाईंचा फोन रात्री अकराला.
खुंट्या धरत नाहीत, म्हणतात, आपोआप सुटतात.
खडू लावा, म्हटलं.
तबलीला केसाएवढी चीर गेली.
खोलीत पाण्याचं भांडं उघडं ठेवा, म्हटलं.
ठेवलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी भांड्यात
पांढरी रेघ तेवढी उरली होती.
पण तारा लख्ख, तीन वर्षांत एक बदलली नाही,
आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.
गल्लीत कुणी नसतं, तो भाग वेगळा.

प्रमोदिनीचं उलटं.
खुंट्या फुगून बसल्यात,
सूर लावायला नवऱ्याला हाक मारावी लागते.
भोपळ्याला मागून बुरशी. तारा महिन्यात तांबूस.
वादळाचा इशारा आला तेव्हा तिनं गाडीत घातलं
पाणी, औषधं, पासपोर्टांची पिशवी,
आणि तंबोरा. थोरल्या मुलीनं
नऊ तास तो मांडीवर धरला.
पण काका, आवाज काय सुटलाय, म्हणते,
पावशेर तूप पाजल्यासारखा.

म्हणजे चांगलं कुठलं? साकिबनं विचारलं.
मी म्हटलं, लाकडाला विचारशील तर
ते इथंही कुरकुरतं. दर पावसाळ्यात.
त्यानं तक्त्यात एक ओळ वाढवली, लाकूड.
पुढं काय भरावं सुचेना. बोट तसंच धरून बसला.

मिट ते, म्हटलं, आणि ही तार छेड.
घोडीवर तारेखाली दोरा सरकवला.
मागं गेला तर आवाज मुका,
पुढं आला तर नुसती खरखर.
मधल्या तांदळाएवढ्या जागेत कुठंतरी जवारी उघडते.
चाळीस वर्षं झाली, दर तंबोऱ्याला जागा वेगळी,
त्याच तंबोऱ्याला सकाळी वेगळी, दिवेलागणीला वेगळी.
आता? तो म्हणाला.
नाही.
आता?
छेडत राहा.
मग उघडली. साकिब काही बोलला नाही.
तेवढ्यात कोल्हापूरची गाडी यार्डातून हलली,
फळी थरथरली, दोरा सरकला.
परत पहिल्यापासून.

उठताना त्यानं दोऱ्याची रीळ मागितली.
असला सुती दोरा दोन्हीकडे मिळत नाही,
त्या एका बाबतीत दोघींची तक्रार सारखी.
कुठंही गेलो तरी एकीला पोचेल, म्हणाला.

मी दोन पुड्या बांधल्या, वर नावं घातली.
त्यातली एक इथंच राहणार,
एवढं दोघांनाही कळत होतं.