सतरावी मूठ

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार.
हिल्का बर्चचं लाकूड तासते आहे,
भुसा लोकरी बाहीवर.
सतरावी मूठ.
सोळा खोक्यात: एक फार शहाणी,
एक तळव्याला चावणारी,
एकीचं बटण तर्जनीला सापडेचना.

टेबल नाहीच. एर्की उताणा पडून असतो,
छताला लावलेल्या पडद्याकडे बघत.
पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचा,
चाळीस टन
अंगठ्यानं अलगद टेकवायचा.

आज त्यानं मूठ धरली. गोळी फिरवली.
बाण थरथरला, कोपऱ्यात धडकला,
मग हळूच त्या एका फाइलवर येऊन
टेकला.

"कशी आहे?"
तो बोलला नाही.
मूठ मात्र परत देईना.

हिल्कानं वहीत लिहिलं:
डावी कड अजून अर्धा मिलिमीटर.
मग खोडलं.