टाकीमागचं पुडकं

आमच्या टिमरूला नाताळ भर उन्हाळ्यात येतो.
साडेनऊपर्यंत उजेड,
आणि उजेड असेतो मुलं काही झोपायची नाहीत.
मग मी आणि मॉरीन बाथरूमची कडी लावून
फरशीवर बसायचो, कात्री, कागद घेऊन;
नळ सोडून ठेवायचो,
चिकटपट्टीचा टर्र आवाज बुडावा म्हणून.

टॅम्झिन चार वर्षांची असताना
तिला काय हवंय ते गावभर ठाऊक असायचं,
टपालवाल्याला, दातांच्या डॉक्टरला,
रांगेत पुढं उभ्या असलेल्या कुणालाही.
एका वर्षी मेंढी हवी होती.
खरी नको, पण खरीएवढी.
ती खांद्यावर घेऊन स्टॅफर्ड रस्त्यानं चालत आलो.
वीस वर्षं लोकरीच्या गोदामात काढलेला माणूस मी,
लोकरीनं असा घामाघूम
त्याच दिवशी झालो.

रोरीची सायकल हिनेमोआच्या शेडमध्ये लपवली होती,
बटाट्याच्या पोत्यांमागे.
पहाटे आणायला गेलो तर ती गाऊनवरच दारात.
म्हणाली, "गल्लीत एक चक्कर मारून बघितली रे,
ब्रेक जरा सैल आहेत."
साठीची बाई.

पुढं खोकी आकसत गेली आणि बिलं लांबत गेली.
दहा वर्षांचा रोरी म्हणाला,
"पावती ठेवली आहे ना?"
हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.
बारा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं "थँक्यू" म्हटलं,
अगदी नीट, बघून,
पाहुण्यानं चहाचा कप परत द्यावा तसं.

अजूनही दुकानात शिरलो की पाय
आपले खेळण्यांकडेच वळतात.
काउंटरवरची मुलगी विचारते,
"मूल किती वर्षांचं आहे?"
"एकोणीस," मी म्हणतो.
ती हसते.
तिचंही वय तेवढंच असावं.

यंदा टॅम्झिनचा वेलिंग्टनहून फोन:
"काही नको, बाबा. खरंच."
त्या 'खरंच'भोवती मी दोन दिवस फिरत राहिलो,
बंद दुकानाभोवती फिरावं तसा.
रोरीनं बँकेचा खाते क्रमांक पाठवला,
खाली एक हसरा चेहरा.
पैसे धाडताना निरोपाच्या रकान्यात
बारा अक्षरं मावतात.
'नाताळ' लिहिलं.
उरलेल्या जागेत काय घालावं ते सुचलं नाही.

मग गरम पाण्याची टाकी गळायला लागली.
प्लंबरनं ती पुढं ओढली,
आणि मागच्या सांदीतून एक पुडकं काढून
माझ्या हातात ठेवलं.
चांदण्यांचा कागद, उष्णतेनं तपकिरी पडलेला,
वर माझं अक्षर: टॅम्झिन, वय ६.

आत काय आहे ते मला आठवेना.
मॉरीनलाही नाही.
हलवून बघितलं. काहीतरी घरंगळलं, थांबलं.
आठवली ती फक्त ती रात्र:
सगळं घर उपसलं होतं आम्ही,
शेवटी पेट्रोल पंपावरून खडूंचा डबा आणला,
आणि तिनं त्यातून कुंपणावर निळी मांजर काढली.
दरवर्षी रंग देताना
ती एक फळी मी सोडून देतो.

"वय खोडू का?" मॉरीननं विचारलं.
"राहू दे," म्हटलं.

टॅम्झिन आज आली, बोट आणि बस करून,
केस कापलेले, खांद्यावर तिचं स्वतःचं ओझं.
झाडाखाली वाकली, पुडकं बघितलं,
कानाशी नेऊन हलवलं
आणि काही न बोलता जागेवर ठेवलं.

आता नऊ वाजलेत.
खिडकीत अजून लख्ख ऊन.
"झोपा बरं तुम्ही दोघं," ती म्हणाली,
रोरीला कोपरानं ढोसून उठवलं.
आम्ही अंथरुणात पडलोय, दिवसाउजेडी,
शहाण्या मुलांसारखे.
तिकडं बाथरूमची कडी लागते.
कुणीतरी नळ सोडतं.