जागा भरणे आहे

रविवारच्या पेपरात, कुपनं आणि जुन्या बोटींच्या मधे,
दोन इंच बाय दीड इंचात
माझी नोकरी छापून आली.
'पाहिजे: धातुपरीक्षक. एरी, पेन्सिल्वेनिया.
पदव्युत्तर पदवी. ओतीव लोखंडातल्या भेगा
ओळखण्याचा पाच वर्षांचा अनुभव.'
दोनदा वाचली.
मला मिळण्यासारखी वाटली.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, कायदाच आहे.
आधी इथला माणूस शोधायचा, मनापासून शोधायचा,
नाहीच सापडला तर तू.
सहा वर्षं ज्या खुर्चीत बसते आहे
तिच्यातच बसून मी वाट बघू लागले
कुणी न येण्याची.

नोटीस लागली कॉफीच्या मशीनशेजारी,
कामाचे दहा दिवस.
माझा पगार, सेंटसकट. नाव नव्हतं,
नावाची गरज नव्हती.
फाउंड्रीतला लेस्टर साखर ढवळत ती वाचायचा
आणि माझ्याकडे बघायचा नाही.

कागदांत मला बेनिफिशिअरी म्हणतात.
म्हणजे लाभार्थी.
या शब्दाशी आमची घरची ओळख.
नाना चांदूरबाजारला पंचायत समितीत कारकून.
शिलाई मशीन, दोन शेळ्या, गोबरगॅस,
सगळ्या याद्या त्यांच्या अक्षरात:
पात्र. अपात्र. प्रतीक्षेत.
डबा घेऊन गेले की जिन्यात बायका उकिडव्या बसलेल्या,
आणि नाना मान वर न करता म्हणत,
'वरून आलं की कळवू.'
मला वाटायचं, वर म्हणजे माळ्यावर.

अर्ज तीन आले. दोन असेच. तिसरा खरा.
त्या दिवशी खालच्या मजल्यावर फिरकू नकोस, असं बजावलं होतं,
पण प्रिंटर खालीच आहे.
पंचावन्नचा असेल. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल,
छातीवर पाहुण्याचं स्टिकर: विस्निएव्स्की.
त्यानं मला बाथरूम विचारलं.
उजवीकडे, मग पाण्याच्या नळापाशी डावीकडे.
'थँक्यू, मॅम.'

त्या रात्री निहारचे पाढे घेताना
मी त्या माणसाची फाइल मनात उलटीपालटी करत होते.
काहीतरी कमी निघू दे.
देवापुढे नाही म्हटलं, तेवढी लाज होती.
सिंकपाशी म्हटलं, नळ सोडून.

निघालं.
तीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या भेगा पाहिल्या होत्या त्यानं,
हाताच्या बोटांनी सुद्धा,
पण पदवी एक कमी.
ती ओळ वकीलबाईंनी माझ्या मापानं बेतली होती.
पुढे मंजुरी आली तेव्हा मॅनेजरनं डोनट आणले.
मी अर्धा खाल्ला.

आता माझ्या नावापुढे एक तारीख आहे.
दर महिन्याला सरकार तक्ता काढतं,
रांग कुठल्या तारखेपर्यंत आली त्याचा.
भारताच्या रकान्यात ती कधी आठवडाभर सरकते,
कधी चक्क वर्षभर मागे जाते.
निहार सात वर्षांचा. एकवीसचा झाला की
माझ्या कागदांतून त्याचं नाव गळणार.
सुहासनं हिशेब मांडला, मग वहीचं ते पान फाडलं.

नानांना फोनवर सगळं सांगितलं.
ते थोडे थांबले.
'यादी कोण लिहितं तिथं?'
मला सांगता आलं नाही.

जानेवारीत तळ्यावरून बर्फ येतो, रात्रभर.
पहाटे कंपनीच्या पार्किंगमधे नांगर लावलेला ट्रक,
आत तोच.
माझ्या गाडीच्या कडेकडेनं जपून नेला त्यानं,
काच खरवडताना मी हात वर केला,
त्यानं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.
ओळखून, की इथे सगळेच सगळ्यांना तशी उचलतात,
तेवढ्या उजेडात
कळलं नाही.