शेवटचं कोरं पान

ईस्टर उलटला की किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी वर जाते,
हालिंगदालच्या डोंगरात, सात लाकडी घरांची राख काढायला.
गाद्या झटकते, उंदरांचे सापळे बघते,
ओसरीवरच्या बर्फातून संत्र्यांच्या साली वेचते.
आमच्याकडे या आठवड्यात माणसं उन्हात पाठ टेकून संत्री खातात
आणि खून वाचतात.
का, ते विचारू नका. आईलाही ठाऊक नव्हतं.
दुधाच्या खोक्यावरसुद्धा एक प्रेत असतं तेव्हा.

चौथ्या घरात, चुलीवरच्या फळीवर एकच कादंबरी.
तळं, तळ्यात मुलगी,
आणि ताकाला तूर लागू न देणारा एक वकील.
मुखपृष्ठावर मेणबत्तीचं मेण.
शेवटचं पान छापखान्यातून कोरं आलं होतं.
आता तिथे मुंगी शिरायला जागा नाही.

‘एकोणिसाव्या पानावरच मी खुनी ओळखला.
पुढची चारशे पानं फुकट.’ – टोरमुड, बर्गन.
खाली हिरव्या शाईत:
‘रात्री दोनला मला हलवून कोण विचारत होतं,
माळी होता का गं?’
सही नाही. सहीची गरजही नाही.

मग ओडलॉग, कोर्टात एकतीस वर्षं टंकलेखन केलेली:
‘कोर्टात असं कुणी ओरडत नाही.
कोर्टात हीटर खडखडतो.
साक्षीदार पाणी मागतो
आणि ग्लास तसाच हातात धरून बसतो.
एवढं एक लिहिलं असतं तरी
बाकीचं खोटं मी मुकाट्याने गिळलं असतं.’

मोठ्या, वाकड्या अक्षरात:
‘कुत्रा शेवटपर्यंत जगतो. घाबरू नका. वय अकरा.’
(माझ्या मते पानावरचं सर्वात उपयोगी मत.)

कुणीतरी एकदा न्यायाधीशाशेजारी बसला होता,
साधा माणूस, यादीतून नाव निघालं म्हणून.
तो लिहितो: ‘निकालानंतर या पुस्तकात सगळ्यांना झोप लागते.’
बस्स. पुढे शाईचा एक ठिपका,
पेन बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखा.

आणि कोपऱ्यात, पेन्सिलीने, इतकं बारीक
की मी खिडकीशी नेऊन वाचलं:
‘मुलीच्या पायात बूट होते का?
तिच्या आईला कुणी सांगितलं?’

पुढच्या ईस्टरला कुणी उत्तर दिलं: ‘बूट, पान अठ्ठ्याऐंशी. निळे.’
त्याच्या पुढच्या: ‘निळे मोजे होते. नीट वाचा.’
मग टोरमुड, पुन्हा आलेला, हस्ताक्षर जरा थरथरतं:
‘आई कुठेच नाही. मी दोनदा शोधली.’

यंदा पानाला एक कागद चिकटवलेला होता,
चॉकलेटच्या वेष्टनाची आतली बाजू.
‘आमच्याकडे फोन करत नाहीत. पाद्री जातो.
मी सव्वीस वर्षं गेलो.
घंटा वाजवण्याआधी बुटांवरचा बर्फ झटकतो आम्ही,
तेवढाच वेळ मिळतो.
दार उघडणारी आधी गळपट्टी बघते, मग पायांकडे.
म्हणते, राहू द्या, बूट काढू नका.
मग कॉफी ठेवते.
ती कॉफी कुणीही पीत नाही.
बारा आणि तेरा या पानांच्या मधे कुठेतरी मी होतो.
लेखकाने मला गाळलं. त्याला दोष देत नाही,
मलाही गाळता आलं असतं, तर.’

वाक्य तिथेच संपतं. वेष्टन संपलं होतं.

मी ही कादंबरी वाचलेली नाही.
खुनी माळी की वकील, मला माहीत नाही,
कुणी सांगूही नका.
हिशेबाच्या वहीची चार कोरी पानं फाडून
मी मागे शिवली, जाड दोऱ्याने,
चाकूने पेन्सिलीला टोक काढलं.

पाचव्या घराची राख अजून काढायची आहे.
दारात येताना, का कोण जाणे,
मी बूट जरा जास्तच वेळ झटकले.