बर्मा लेमन

फेब्रुवारीत यांगूनचा फोन लागेना.
भुतडा शेठ म्हणाले, लाइन खराब असंल.
मी रोजमेळात लिहिलं : आवक नाही.

लातूरच्या डाळ मिलमध्ये तो देश
असाच येतो, पन्नास किलोच्या पोत्यातून.
वर गोल गोल अक्षरं, कुणालाच न वाचता येणारी.

मग टीव्हीवर दिसलं : रात्री आठला
बाया गॅलरीत उभ्या, पातेली बडवतायत.
सुंद्राबाई सूप थांबवून म्हणाली,
गिऱ्हाण लागलंय वाटतं त्यान्ला.
सुटंल.

सुटलं नाही.
मार्चात गोळ्या. मग बँकांना कुलपं.
मे महिन्यात तूर वधारली
आणि शेठनी, खोटं कशाला बोलू,
आम्हा सगळ्यांना पेढे दिले.
मीही दोन खाल्ले.

दिवाळीच्या तोंडावर माल उतरला.
चाळणीवर खडखडलं काहीतरी :
एक चमचा, पाठीला पोचेच पोचे.
सुंद्राबाईनं पदरानं पुसला,
मिलच्या पत्र्यावर हळूच एकदा वाजवला,
माझ्याकडं दिला.

घट, तूट, माती, खडे.
चमच्याला रकाना नाही.
अजून माझ्या गल्ल्यात आहे,
चिल्लरीत.