तिसऱ्या टेकमधला एक शब्द

मेकन, जॉर्जिया. ऑगस्ट.
टायरच्या जुन्या गोदामात स्टुडिओ होता,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले,
आणि कितीही पुसलं तरी रबराचा वास जात नसे.
मी एकोणीस वर्षांचा. माझं काम
माइकच्या वायरी उलगडायच्या, गुंडाळायच्या,
लाल दिवा लागला की एसी बंद करायचा
आणि त्याबरोबर तोंडही.

ओझेला हर्स्टन टॅक्सीनं आली,
पायात सपाता, केसांना रुमाल.
मी तिला फक्त पोस्टरवर पाहिलं होतं,
चंदेरी टिकल्यांचा झगा, डोळे अर्धे मिटलेले,
जणू आत्ताच कुणीतरी शेजारून उठून गेलंय.
बावीस वर्षं ती त्या उठून गेलेल्यासाठी गायली.
रेकॉर्डवरची नावं बदलत गेली, मागणं एकच,
परत ये.

आता तिला देवाचं गायचं होतं.
आईच्या चर्चमध्ये इतकी वर्षं तिचं नाव निघत नव्हतं.
आई मार्चमध्ये गेली.
त्याबद्दल ती काही बोलली नाही,
लिंबू पिळलेलं कोमट पाणी मागितलं फक्त.

कोरसच्या सात बायका
कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट आल्या,
हातांना ब्लीचचा वास, टाचा सुजलेल्या.
आणि सिस्टर विल्मेट पेटवे, वय ब्याऐंशी.
त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती माइकपाशी ओढली.
मी मागे नेली.
त्यांनी पुन्हा पुढे.

पहिला टेक.
आवाज इस्त्रीचा, रविवारच्या कपड्यांतला,
घडी मोडू नये म्हणून अंग चोरून बसलेला.
एक सूर चुकला नाही.
काचेमागून मिस्टर गॅंब्रेल म्हणाले, 'सुंदर,'
आणि सिगारेट पेटवली.
आधीची त्यांच्या दुसऱ्या हातात जळतच होती.

दुसऱ्या टेकला ती मध्येच थांबली.
'मी बोलतेय कुणाशी?'
ऑर्गनवर थॅडियस,
गुत्त्यांपासून तिच्यामागे वाजवत आलेला.
त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला.
'इतकी वर्षं ज्याच्याशी बोलत होतीस, त्याच्याशीच बोल.
तो गडी तर कधी आलाच नाही, ओझी.
मग ऐकत कोण होतं?'

मी एसी बंद केला.

ती खालून सुरू झाली,
जेवण झाल्यावर, ताटं तशीच ठेवून, टेबलाशी बसून
हिशेब विचारावा तशी.
कुठे होतास.
मार्चमध्ये कुठे होतास.
हे कागदावर लिहिलेलं नव्हतं.
थॅडियसनं पान उलटायचं सोडलं, तिच्या तोंडाकडे बघून वाजवू लागला.
सूर लागला म्हणतात, तसा तो लागला नाही,
ठेच लागावी तसा लागला,
आणि आवाज फाटला तिथून
आतलं सगळं दिसलं,
टिकल्या, झगा, आईनं लावून घेतलेलं दार.
कोरस आत यायची वेळ झाली, कोरस आला नाही.
मग एकीनं 'हो' म्हटलं, नुसतंच,
आणि मग सातही जणी, समेची वाट न पाहता.
घामानं माझ्या हातातली वायर निसटत होती.

शेवटच्या ओळीत,
जिथे 'प्रभू' म्हणायचं होतं,
ती म्हणाली, 'बेबी.'

ऑर्गन थांबल्यावर रबराचा वास परत आला.
काचेमागून खाकरणं.
'ओझेला, ते एवढं... तेवढं एक कापून टाकू.
चर्चवाले घेणार नाहीत.'
तिनं खाली पाहिलं, सपातांकडे.
सिस्टर विल्मेट रुमालानं मान पुसत होत्या.
'राहू द्या,' त्या म्हणाल्या,
'याहून वाईट नावांनी हाका मारल्यात लोकांनी त्याला.
मीसुद्धा.'

रेकॉर्ड फारशी खपली नाही.
माझ्याकडची आता ओरखड्यांनी भरलीय,
तरी तो शब्द जागेवर आहे.
त्याच्या जरा आधी, कान दिला तर,
लाकूड करकरतं,
सिस्टर विल्मेट
खुर्ची पुढे घेतायत.